हायड्रोसीडिंगने हिरवळ: फवारणीच्या आधी आणि नंतर

हायड्रोसीडिंग म्हणजे गवताचे बी, पाणी आणि तंतू यांची राबडी यंत्राने जमिनीवर फवारून हिरवळ करणे. राबडीची टाकी रिकामी होते तेव्हा उघडी जमीन तासाभरात हिरवीगार झालेली असते. नव्याने हिरवळ करणाऱ्याला वाटते, काम संपले. पण हा रंग राबडीत मुद्दाम मिसळलेला असतो. कुठे फवारा बसला आणि कुठे राहिला हे फवारणाऱ्याला दिसावे, एवढाच त्याचा उपयोग. थोड्या दिवसांत तो विटतो. खरे गवत त्याच्या खालून वर यायचे असते, आणि ते नीट येईल की नाही हे दोन गोष्टी ठरवतात: फवारणीआधी माती कशी तयार केली आणि फवारणीनंतरचे तीन-चार आठवडे पाणी कसे दिले. मधला फवारणीचा भाग या दोन्हींपेक्षा सोपा आहे. म्हणून या लेखात तो थोडक्यात येईल, आणि माती व पाणी सविस्तर.

राबडीत काय असते

पाणी, गवताचे बी, लाकडाच्या किंवा कागदाच्या तंतूंचे आच्छादन, चिकटपणासाठी डिंक, थोडे सुरुवातीचे खत आणि तो हिरवा रंग. डिंक म्हणून बहुतेक वेळा गवारीचा डिंक किंवा इसबगोल वापरतात. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत रस्त्यांच्या कडेचे उतार हिरवे करण्यासाठी ही पद्धत रुळली. उतारावर हाताने फेकलेले बी पहिल्या पावसात खाली वाहून जायचे. राबडीतले तंतू ते जागच्या जागी धरून ठेवतात, ओल टिकवतात आणि पावसाच्या थेंबांचा मार स्वतःवर घेतात. घराच्या अंगणात तिचे काम हेच असते.

तंतूंचा प्रकार नीट विचारून घ्या. कागदाचे आच्छादन स्वस्त असते, पण जाड बसले तर वाळून त्याचा पापुद्रा होतो आणि नाजूक अंकुर त्याखाली अडकतात. लाकडाचे तंतू एकमेकांत गुंततात, फटी राहू देतात आणि पाणी जास्त धरतात. जमीन सपाट आणि पाण्याची सोय चांगली असेल तर मिश्रण चालते. उतार असेल तर लाकडाचेच घ्या, तिथे काटकसर करू नका.

आच्छादन बियाला वेळ मिळवून देते, बियाचा स्वभाव मात्र बदलत नाही. जे बी तीन आठवड्यांनी उगवते ते राबडीतही साधारण तेवढाच वेळ घेते. फरक एवढाच की ओल सारखी राहिल्याने उगवण सगळीकडे बरीचशी एकसारखी होते.

कोणते गवत, कोणत्या हंगामात

हिरवळीची गवते दोन गटांत मोडतात. टॉल फेस्क्यू, रायग्रास आणि केंटकी ब्लूग्रास थंडाव्यात खुलतात. माती १० ते १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असताना ती चांगली उगवतात. बर्म्युडा, म्हणजे हरळी, आणि झोयशिया यांना ऊब लागते. माती सकाळीही १८ ते २० अंशांच्या वर राहू लागली की त्यांची पेरणी करावी. हवेच्या तापमानावर विसंबू नका. साधा थर्मामीटर सकाळी ५ सेंटिमीटर खोल रोवून तीन-चार दिवस नोंद ठेवा. थंडाव्यातले गवत उन्हाळ्याच्या तोंडावर पेरले तर ते उगवते खरे, पण मुळे खोल जायच्या आत उन्हात सापडते.

उगवणीला रायग्रासला ५ ते १० दिवस लागतात, टॉल फेस्क्यूला ७ ते १४, हरळीला साधारण १ ते ३ आठवडे, झोयशियाला २ ते ३ आणि ब्लूग्रासला २ ते ४ आठवडे. हे आकडे कागदावर लिहून भिंतीला लावा. पाणी कधी कमी करायचे हे पुढे त्यांच्यावरूनच ठरेल.

बियाचे प्रमाण जातीप्रमाणे खूप बदलते, कारण दाण्याचा आकार वेगळा असतो. टॉल फेस्क्यू किंवा रायग्रास चौरस मीटरला ३० ते ४० ग्रॅम लागते, ब्लूग्रास १० ते १५ ग्रॅम आणि हरळीचे सोललेले बी ५ ते १० ग्रॅम पुरते. जास्त बी टाकल्याने दाट हिरवळ होते हा गैरसमज आहे. फार दाट उगवलेली रोपे एकमेकांची ओल आणि उजेड खातात, आणि त्यांच्यात बुरशी लवकर शिरते.

बियाच्या पिशवीवरची उगवणीची टक्केवारी आणि तणाच्या बियांचे प्रमाण वाचून घ्या. काही बियांवर लेप असतो आणि हरळीसारख्या बारीक बियात तो निम्म्या वजनापर्यंत जातो. म्हणजे १ किलोच्या पिशवीत बी अर्धाच किलो. शिवाय टाकीत घुसळताना हा लेप बराचसा निघून जातो, त्यामुळे हायड्रोसीडिंगसाठी मी लेप नसलेले बीच पसंत करते. मैदानांवर दिसणाऱ्या बारीक पानांच्या संकरित हरळीला रुजणारे बीच धरत नाही, तिची लागवड तुकड्यांनी होते. तशी हिरवळ हवी असेल तर साध्या बियाच्या राबडीतून ती मिळणार नाही.

माती

सुरुवात माती परीक्षणाने करा. सामू, म्हणजे मातीचा pH, ६ ते ७ च्या दरम्यान असला की बहुतेक गवतांना मानवतो. आम्ल माती चुन्याने सुधारते, विम्ल मातीत गंधक घालतात. किती घालायचे हे अहवालावरून ठरवा, अंदाजाने नको. स्फुरद आधीच भरपूर असेल तर राबडीतल्या खतातून ते वगळायला सांगा. जादा स्फुरद पावसाबरोबर ओढ्या-तळ्यांत जाऊन शेवाळ वाढवते, म्हणून काही ठिकाणी हिरवळीवर त्याच्या वापराला कायद्यानेच मर्यादा आहे.

मग जमीन साफ करा. दगड, मुळ्या, बांधकामाचा चुरा, सिमेंटचे गोळे, सगळे निघाले पाहिजे. नव्या बांधकामाभोवतीची माती यंत्रांच्या वजनाने दगडासारखी दबलेली असते. राबडी अशा जमिनीवरही छान हिरवी दिसते, बी उगवतेही, पण मूळ दोन बोटे खाली जाऊन थांबते. एकदा घाईत मी दबलेल्या पट्ट्यावर फक्त दंताळे फिरवून फवारणी करून घेतली. पाचव्या आठवड्यापर्यंत तो पट्टा बाकीच्या अंगणासारखाच दिसत होता. पहिला कडक ऊन्हाचा आठवडा आला आणि तो सरळ रेषेत पिवळा पडला. तो पट्टा मला पुन्हा खणावा लागला, आणि वर वाढलेले गवत उपटून टाकताना फार वाईट वाटले.

म्हणून १० ते १५ सेंटिमीटर खोल माती मोकळी करा आणि तिच्यात २ ते ३ सेंटिमीटर थर होईल इतके चांगले कुजलेले कंपोस्ट मिसळा. १०० चौरस मीटरला हे २ ते ३ घनमीटर होते, थोडे नाही, तेव्हा आधीच सोय करून ठेवा. कच्चे शेणखत टाळा, त्यातून तणाचे बी येते. चिकण मातीत थोडी वाळू घालण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो ऐकू नका, थोड्या वाळूने चिकण माती आणखी घट्ट होते. तिला मोकळे करायला कंपोस्टच लागते.

खणायचे ते वाफसा आल्यावरच. मूठभर माती दाबून गोळा करा आणि अंगठ्याने टोचा. गोळा फुटून भुगा झाला तर वाफसा आहे. नुसता खड्डा पडला तर ओल जास्त आहे, थांबा. ओल्या मातीत यंत्र फिरवले की जी ढेकळे होतात ती नंतर फुटता फुटत नाहीत.

आता समतल करा. घराच्या भिंतीपासून दूर, मीटरला १ ते २ सेंटिमीटर उतार असावा. फरशीच्या आणि पायवाटेच्या कडेला माती २ ते ३ सेंटिमीटर खाली ठेवा, नाहीतर पाणी आणि राबडी वाटेवर वाहत येतील. जमिनीखालचे पाईप आणि तुषार सिंचनाची तोंडे या वेळीच बसवून, चालवून पाहा. फवारणीनंतर खणणे परवडणारे नाही.

इथे एक पायरी बहुतेक जण गाळतात आणि मला ती फार मोलाची वाटते. तयार जमिनीला दोन आठवडे हलके पाणी द्या आणि वाट पाहा. वरच्या थरातले तण उगवेल. ते लहान असतानाच अगदी वरवर खुरपून काढा. खोल खुरपले तर खालचे नवे बी वर येईल. या दोन आठवड्यांत खड्डे कुठे बसतात तेही कळते. नव्या हिरवळीत तण काढणे फार अवघड असते, कारण पहिले काही आठवडे तिच्यावर पायही ठेवता येत नाही. तणाची उगवण रोखणारे औषध मात्र या काळात वापरू नका. ते गवताच्या बियालाही तसेच रोखते.

शेवटी हलका रूळ फिरवून दंताळ्याने वरचा थर खरखरीत करा. चालल्यावर पाऊल सुमारे १ सेंटिमीटर रुतले तर जमीन बरोबर आहे. दंताळ्याच्या रेघा उताराला आडव्या असाव्यात, बी त्यांत अडकते. गुळगुळीत पृष्ठभागावरून राबडी घसरते.

फवारणीचा दिवस

यंत्र भाड्याने घेऊन स्वतः करणार असाल तर आधी जमीन मोजा आणि दोरी लावून तिचे टाकीच्या हिशेबाने भाग पाडा. हे केले नाही तर पहिल्या भागावर जाड थर पडतो आणि शेवटच्या भागाला राबडी उरत नाही. सपाट जमिनीवर चौरस मीटरला १७० ते २२० ग्रॅम कोरडे आच्छादन लागते. तीव्र उतारावर ३०० ग्रॅमच्या पुढे जा. म्हणजे सपाट १०० चौरस मीटरला साधारण २० किलो, आणि ते घोळायला ४०० लिटरच्या आसपास पाणी.

टाकी तिसरा हिस्सा भरली की घुसळणी सुरू करा, आच्छादन मोकळे करून थोडे थोडे सोडा, बी आणि खत शेवटी. भिजलेले बी खताच्या पाण्यात तासन् तास घुसळत राहिले तर त्याला इजा होते, म्हणून टाकी तासाभरात संपवा. उरलेली राबडी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

वारा पडलेला असावा आणि पुढचे २४ तास मोठ्या पावसाचा अंदाज नसावा. जमीन ओलसर असावी, चिखल नको. भिंती, झाडे, फरशी झाका, आणि चुकून उडाले तर लगेच धुवा, कारण वाळलेले तंतू आणि रंग सहज सुटत नाहीत. लांबच्या टोकापासून सुरू करून मागे मागे या. पंख्यासारखा पसरणारा फवारा वर उचलून धरा, राबडी पावसासारखी खाली पडू द्या. सरळ धार जमिनीवर मारली तर माती उकरली जाते. प्रत्येक भागावर दोन विरुद्ध बाजूंनी हात फिरवा. एकाच बाजूने फवारले तर प्रत्येक ढेकळाच्या मागची बाजू उघडी राहते आणि तिथे पुढे टक्कल दिसते. काम झाल्यावर वरून पाहिले तर माती दिसता कामा नये, आणि थर ३ ते ५ मिलिमीटरपेक्षा जाडही नको.

काम कंत्राटदाराला देत असाल तर चार गोष्टी लेखी घ्या: आच्छादनाचा प्रकार, चौरस मीटरला त्याचे वजन, बियाची जात व प्रमाण, आणि रिकाम्या जागा राहिल्या तर पुन्हा कोण भरणार.

नळाच्या पाईपला लावायच्या बाटल्याही हायड्रोसीडिंगच्या नावाने विकल्या जातात. त्यातून पडणारे तंतू इतके विरळ असतात की आच्छादनाचा थर तयारच होत नाही. जागा लहान असेल तर त्यापेक्षा हाताने बी पेरून वर बारीक कंपोस्ट चाळून टाकणे कितीतरी चांगले.

पाणी

पहिले २४ तास शक्यतो पाणी देऊ नका, डिंक धरू द्या. कडक उन्हाने थर त्याआधीच वाळू लागला तर अगदी हलका शिडकावा चालेल.

त्यानंतर एकच ध्यास: थर वाळू द्यायचा नाही, आणि वाहूही द्यायचा नाही. बी एकदा फुगले, कोंब फुटायला लागला आणि मग वाळले, तर ते मेले. त्याला दुसरी संधी नसते. म्हणून सुरुवातीला दिवसातून २ ते ४ वेळा, प्रत्येक वेळी थोडेच पाणी. किती मिनिटे हे तुमचे तुषार ठरवतात. डबकी साचू लागली किंवा पाणी वाहू लागले की बंद करा. मिनिटे पाठ करण्यापेक्षा रंग वाचायला शिका, इथे तो खरोखर कामाला येतो. ओले आच्छादन गडद हिरवे दिसते, वाळू लागले की फिकट होते. कडा आणि उंचवटे आधी फिकटतात. तिथला रंग उतरू लागला की पाण्याची वेळ झाली. ऊन आणि वारा दोन्ही असतील त्या दिवशी दुपारी एक जादा हलकी पाळी द्या.

तुषार सगळीकडे सारखे पडतात का हे फवारणीआधीच तपासा. सरळ कडांचे सहा-सात डबे अंगणभर ठेवा, १५ मिनिटे पाणी सोडा आणि प्रत्येकात किती मिलिमीटर साचले ते मोजा. एका डब्यात दुसऱ्याच्या दुप्पट पाणी असेल तर तोंडे हलवा. पाईप हातात धरून धार मारणे नकोच. आणि तुषाराचे स्टँड अशा जागी मांडा की ते हलवायला ओल्या थरावर पाय ठेवावा लागणार नाही. एक पाऊल म्हणजे तेवढ्या जागेतले बी दाबले गेले, आणि पाईप ओढला की त्याची वाट महिनाभर दिसत राहते.

संध्याकाळची शेवटची पाळी लवकर आटपा, रात्रीपूर्वी पाती कोरडी व्हायला हवीत. रात्रभर ओली राहिलेली कोवळी रोपे बुडाशी सडून कोलमडतात. तसे ठिपके दिसले तर पाणी कमी करा आणि हवा खेळू द्या.

बहुतेक चूक दुसऱ्या आठवड्यात होते. अंगण हिरवे दिसू लागते आणि माणूस पाणी तोडतो. पण मिश्र बियात हे पहिले हिरवे रायग्रासचे असते. ब्लूग्रास अजून कोंब फोडत असतो आणि तो तिथेच वाळतो. पुढे हिरवळ विरळ राहिली की दोष बियावर जातो. भिंतीवरचे ते आकडे आता पाहा. तुमच्या मिश्रणातली सर्वांत सावकाश जात उगवेपर्यंत हलक्या पाळ्या चालू ठेवा.

सगळे उगवले की हळूहळू पाळ्या कमी करा आणि प्रत्येक पाळी मोठी करा: दिवसातून एकदा, मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. मूळ ओलीच्या मागे जाते. रोज वरवर शिंपडत राहिलात तर ते वरच बसते. पाणी दिल्यावर लांब स्क्रू ड्रायव्हर मातीत खुपसून पाहा. तो १० ते १५ सेंटिमीटर सहज गेला तर ओल तिथवर पोचली आहे.

रुजलेल्या हिरवळीला पावसासह आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी लागते. १ मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. तेव्हा १०० चौरस मीटरला आठवड्याला २,५०० लिटर. हा हिशेब बी आणायच्या आधी करा. एवढे पाणी नसेल तर हिरवळीचा आकार लहान करा, आणि उरलेल्या जागेत कमी पाण्याची झुडपे लावा.

पहिली कापणी, खत आणि तण

गवत ठरवलेल्या उंचीच्या सुमारे दीडपट झाले की पहिली कापणी. ६ सेंटिमीटर ठेवायचे असेल तर ९ झाल्यावर कापा, आणि एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त काढू नका. त्याआधी चिमूटभर पाती धरून हलकेच ओढा. रोप मुळासकट हातात आले तर आणखी आठवडाभर थांबा. पाते धारदार हवे, कारण बोथट पाते कोवळी रोपे उपटते. माती वरून कोरडी असावी, नाहीतर चाकांच्या खुणा कायमच्या राहतात.

कापणी लांबवू नका. वेळेवर कापलेले गवत बुडातून फुटवे काढते आणि दाट होते. शिवाय बरेचसे हंगामी तण दोन-तीन कापण्यांतच संपते. राहिलेले हाताने काढा. तणनाशक किमान तीन-चार कापण्या होईपर्यंत नकोच.

उगवणीनंतर ४ ते ६ आठवड्यांनी खताचा दुसरा हप्ता द्या, चौरस मीटरला ५ ग्रॅम नत्र होईल इतका. २० टक्के नत्राचे खत असेल तर ते २५ ग्रॅम होते. कोरड्या पात्यांवर टाका आणि लगेच पाणी द्या. पाती फिकट दिसली म्हणून लवकर किंवा दुप्पट घालू नका, मुळे भाजतात.

मुलांना आणि कुत्र्यांना तीन कापण्यांपर्यंत बाहेर ठेवा. खेळ आणि मांडवासारखा भार दोन-तीन महिन्यांनी.

रिकामे ठिपके राहतातच, चांगल्या कामातही. सहाव्या आठवड्यापर्यंत धीर धरा, कारण उशिरा उगवणारे बी आणि आजूबाजूचे फुटवे त्यातले काही आपोआप भरतात. उरलेल्या जागा दंताळ्याने खरवडा, त्याच जातीचे बी पेरा, वर कंपोस्टचा अर्धा सेंटिमीटर थर द्या आणि तेवढ्याच जागेला पुन्हा पहिल्या आठवड्यासारखे दिवसातून दोन-तीनदा शिंपडा. यासाठी फवारणीच्या दिवशीच किलोभर बी बाजूला काढून, कोरड्या थंड जागी ठेवायला विसरू नका.